समुद्राची खाज आणि गोड्या पाण्याचा नळ

तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव नागझिरा अभयारण्याच्या वेशीवर आहे. अभयारण्याचे एक प्रवेशद्वार येथे आहे, आणि गावाचा तलावही प्रसिद्ध आहे. येथून कोणत्याही दिशेला समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा या गावच्या मुलांना जेलीफिशशी काय कर्तव्य, असे तुम्ही विचाराल. काही वर्षांपूर्वी मीही तेच विचारले असते.

त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची सहल मालवणला गेली होती. तारकर्लीच्या बाजूला मुखवटा व श्वसननळी लावून पाण्याखालचे मासे पाहण्याची सोय आहे. चोरखमाऱ्याचा एक विद्यार्थी त्यात सर्वांत पुढे. तलावात वाढलेला मुलगा, पोहण्यात पटाईत. थोड्या वेळाने तो पाण्यातूनच ओरडला, "सर, अंगाला मुंग्या चावल्यासारखं होतंय!" मी त्याला बाहेर बोलावले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "खाऱ्या पाण्याने होत असेल. जा, कपड्यांसकट नळाखाली उभा राहा आणि टॉवेलने खसखसून अंग पूस." त्याने तसे केले. रात्री पाहतो तर कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत आणि पाठीवर लाल पुरळ. चेहरा, हात, पाय मात्र स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, कपड्यांत अडकलेल्या समुद्री डिंभांचा हा प्रताप दिसतो, आणि गोड्या पाण्याने तो वाढला असावा. परतीच्या प्रवासात त्याने तोच वाळलेला सदरा घातला, तर खाज पुन्हा उसळली.

मित्रहो, दाब आणि तर्षण (म्हणजेच परासरण) हे दोन्ही विषय मी वर्गात शिकवीत आलो आहे. तरीही माझा सल्ला नेमका उलटा पडला. तो का, ते पाहू या.

डिंभ म्हणजे प्राण्याची बाल्यावस्था. जेलीफिशचे डिंभ साधारण अर्धा मिलिमीटर लांबीचे, जवळजवळ पारदर्शक, आणि बहुधा पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे. पोहणाऱ्याला ते दिसत नाहीत. उघड्या त्वचेवरून ते पाण्याबरोबर वाहून जातात. परंतु कपडा चाळणीसारखा वागतो. पाणी निघून जाते, डिंभ मागे राहतात. म्हणून पुरळ कपड्याखाली उठतो. अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर हा त्रास फार जुना आहे. तेथील डिंभ अंगुस्तानाएवढ्या लहान जेलीफिशचे आहेत, हे १९९३ च्या सुमारास निश्चित झाले.

एवढ्याशा जिवाजवळ चावायला दात नाहीत, नांगी नाही. मग तो दंश कसा करतो? त्याच्या अंगावर दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी, आणि कुपीत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ नळी. कुपीतील द्रवात विद्राव्य पदार्थ इतके दाटून भरलेले असतात, की तर्षणामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते. त्यामुळे आतील दाब सुमारे १५० वातावरणांपर्यंत पोहोचतो. मोटारीच्या चाकात हवेचा जादा दाब सुमारे दोन वातावरणे असतो. पाणबुड्याच्या पाठीवरचे हवेचे नळकांडे भरलेले असताना त्यात सुमारे २०० वातावरणे दाब असतो, आणि त्यासाठी जाड धातूची भिंत लागते. येथे तेवढ्याच तोलाचा दाब केसाच्या जाडीहून लहान कुपी सांभाळते! चाप ओढला गेला, की कुपीचे झाकण उघडते आणि नळी मोज्याप्रमाणे उलटत बाहेर फेकली जाते.

ही क्रिया किती वेगाने होते? २००६ मध्ये जर्मनीतील होल्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला चौदा लाखांहून अधिक चित्रे घेणारा कॅमेरा लावून ती टिपली. स्फोटाचा पहिला टप्पा अवघ्या ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात, पुरा होतो. तेवढ्यात टोक सुमारे १३ मायक्रोमीटर पुढे जाते. आता वहीत भागाकार करून पाहा. सरासरी वेग सेकंदाला साडेअठरा मीटरच्या आसपास येईल. म्हणजे ताशी ६७ किलोमीटर; रिकाम्या रस्त्यावरची एस. टी. बससुद्धा तेवढी धावते. मग यात विशेष काय? विशेष आहे ते त्वरणात. बसला तो वेग गाठायला कितीतरी मीटर लागतात; नळी तो १३ मायक्रोमीटरांत गाठते. तिचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५४ लाख पट भरले. अग्निबाणातून जाणाऱ्या अंतराळवीराला तीन-चार पट सोसावे लागते, तेवढ्यावर तो थकतो.

आणि हे मोजमाप कोणत्या प्राण्यावर केले, ठाऊक आहे? समुद्रातील जेलीफिशवर नव्हे, तर गोड्या पाण्यातील जलव्यालावर, तुमच्या पुस्तकातल्या हायड्रावर. हा जेलीफिशचा भाऊबंद शिंगाड्याच्या वेली असलेल्या, संथ व स्वच्छ पाण्याच्या तळ्यांत पानांच्या खालच्या बाजूला लोंबकळत राहतो. त्याच्या नळ्या पाणपिसवांसारखी शिकार भोसकतात, माणसाला त्यांचा काही त्रास होत नाही. जेलीफिशही सगळे समुद्रातच असतात असे समजू नका. १९११ च्या सुमारास सह्याद्रीत, सातारा भागातील कृष्णेच्या खोऱ्यात, गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडले. ते शोधणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मूळचे मालवणचे. पुण्यातील संशोधन संस्थेला आज त्यांचे नाव आहे.

आता नळाकडे वळू. समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा तर्षण दाब २५ वातावरणांहून थोडा अधिक असतो. सागरी डिंभाची कुपी या खाऱ्या पाण्याशी जुळवून घेतलेली असते. एकाएकी बाहेर गोडे पाणी आले, की तो बाहेरचा तोल नाहीसा होतो, पाणी आत घुसू लागते आणि न सुटलेल्या कुप्या सुटू लागतात. घासण्याने, दाबाने व वाळण्यानेही असेच घडते. मी त्या मुलाला गोडे पाणी दिले, वर टॉवेलने घासायलाही सांगितले! शिवाय कुपीला सुटण्यासाठी प्राणी जिवंत असावाच लागत नाही. शिकारी मेला तरी बंदूक भरलेलीच राहते. सदरा पुन्हा का चावला, ते आता कळले असेल. (हायड्रा तर गोड्या पाण्यातच राहतो, मग त्याच्या कुप्या का सुटत नाहीत, असे एका मुलीने मला वर्गात विचारले. प्रश्न उत्तम. त्याची कुपी पहिल्यापासून गोड्या पाण्यातच घडते व तेथेच चाप धरून बसते. धोका असतो तो बदलाचा.)

मग काय करावे? समुद्रात टोचू लागले तर ताबडतोब बाहेर या. आडोशाला जाऊन ओले कपडे आधी काढा, मगच अंग धुवा, आणि तेही प्रथम समुद्राच्याच पाण्याने, न घासता. खाजेवर थंड पट्टी ठेवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रोकॉर्टिसोनचे मलम किंवा खाजेची गोळी घेता येते. पुरळ कधी काही तासांनी उठतो, कारण तो शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा उद्रेक असतो. बहुधा आठ-पंधरा दिवसांत तो जातो. मात्र लहान मुलांना ताप वा ओकारीही होऊ शकते. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा. कपडे गरम पाण्यात साबणचुऱ्याने धुऊन कडक वाळवल्याशिवाय पुन्हा घालू नयेत. सैल सदरा घालून समुद्रात उतरणे वाईटच. गळ्याशी व मनगटाशी घट्ट बसणारा, अंगभर पोहण्याचा पोशाख बरा. आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आधी विचारा. कोणत्या दिवसांत पाणी "चावते" हे त्यांना माहीत असते.

मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर २०१८ च्या ऑगस्टमध्ये अनेकांना डंख झाले, ते डिंभांचे नव्हते. ते निळ्या फुग्याच्या फायसेलियाचे, ज्याला इंग्रज 'ब्लू बॉटल' म्हणतात. त्याचे धागे चिमट्याने किंवा हातमोजा घालून काढावेत, समुद्राच्या पाण्याने जागा धुवावी आणि मग सोसेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवावी. ऑस्ट्रेलियातील चाचणीत बर्फापेक्षा गरम पाण्याने वेदना अधिक जणांच्या थांबल्या. वाळू चोळणे, मूत्र लावणे हे ऐकीव उपाय मुळीच करू नयेत.

तलावातील खाज मात्र निराळी. धानाच्या बांधीत किंवा गुरे बसतात त्या डबक्यात उतरल्यावर कधी पाय खाजतात. तेथे गोगलगायीतून बाहेर पडलेले, गुरांच्या वा पाणपक्ष्यांच्या कृमींचे डिंभ त्वचेत शिरतात. ते उघड्या अंगावर चढतात, कपड्याखाली नव्हे. तेथे बाहेर येताच अंग लगेच कोरडे पुसणे फायद्याचे. म्हणजे चोरखमाऱ्यात जे बरोबर, ते मालवणात चूक! माझ्या विद्यार्थ्याला लहानपणापासून तळ्याकाठची हीच सवय होती, आणि मी तिला दुजोरा दिला.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एक करून पाहा. मोठ्यांना बरोबर घेऊन, तळ्यातील पाणवनस्पती थोड्या पाण्यासह काचेच्या बरणीत आणा आणि बरणी रात्रभर खिडकीशी न हलवता ठेवा. सकाळी काचेला चिकटलेले, अर्धा-एक सेंटिमीटर लांबीचे, दोऱ्याच्या उसवलेल्या टोकासारखे काही दिसले, तर तो हायड्रा. त्याला काचपट्टीवर घेऊन पाण्याच्या कडेने पातळ व्हिनेगरचा एकच थेंब सोडा आणि शुंडकांच्या टोकांकडे पाहत राहा.