ढोलकपूरचा भीम आणि आपली मुले

लहान मुलांचा सिनेमा हा आपल्या चळवळीत चर्चेचा विषय मानला जात नाही. मोर्चा, अधिवेशन, आरक्षण, अत्याचार यांवर आपण रात्र-रात्र बोलतो, पण घरातले पाच वर्षांचे पोर दिवसातून दोन-तीन तास कोणाच्या संगतीत असते हे विचारले तर बरेच कार्यकर्ते एकमेकांकडे पाहतात. ते पोर टीव्हीच्या संगतीत असते. आणि टीव्हीवर गेली कित्येक वर्षे जो पोरगा ठाण मांडून बसला आहे, त्याचे नाव भीम आहे.

'छोटा भीम' ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशन या कंपनीची ती निर्मिती, कर्ते राजीव चिलका. नाव महाभारतातल्या भीमाचे, अंगात बळही त्याचेच, पण बाकी महाभारत नाही. कौरव नाहीत, पांडव नाहीत, कुरुक्षेत्र नाही. ढोलकपूर नावाचे एक राज्य, तिथे राजा इंद्रवर्मा, राजकन्या इंदुमती, चुटकी, राजू, जग्गू माकड, टुनटुन मावशीचे लाडू आणि खोड्या काढणारा कालिया. चार वर्षे हे सगळे घराघरात फुकट दाखवून झाल्यावर १८ मे २०१२ रोजी थिएटरात पहिला सिनेमा आला, 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान'. पुढच्या वर्षी ३ मे रोजी 'थ्रोन ऑफ बाली'. २०१६ साली हिमालयातला एक. १० मे २०१९ रोजी 'कुंग फू धमाका', तोही थ्रीडीमध्ये. आणि ३१ मे २०२४ रोजी दमयानचीच गोष्ट खऱ्या नटांना घेऊन.

तारखा पुन्हा एकदा वाचा. हिमालयाचा सोडला तर सगळे मे महिन्यात. शाळेला सुट्टी, पोरे घरात, आई वैतागलेली, बाप कामावर. धंदा करणाऱ्याला कॅलेंडर कळते! आपल्या वस्त्यांमध्ये तर एप्रिलची जयंती नुकतीच होऊन गेलेली असते. पोरांनी निळे झेंडे घेऊन मिरवणुकीत नाचून घसा बसवून घेतलेला असतो आणि तोंडात 'जय भीम' ताजे असते. नेमक्या त्या दिवसांत चौकात पोस्टर लागते, त्यावर मोठ्या अक्षरांत 'भीम'.

२०१९ च्या मे महिन्यात मी माझ्या पाच वर्षांच्या नातीला घेऊन 'कुंग फू धमाका' पाहायला गेलो. भीम आणि त्याची मंडळी कुंग फूच्या स्पर्धेसाठी चीनला जातात, तिथल्या राजकन्येला पळवले जाते आणि भीम तिला सोडवतो, एवढीच कथा. मोठ्या माणसाने त्यात काही शोधू नये. मी पडद्यापेक्षा जास्त वेळ शेजारच्या खुर्चीकडे पाहत होतो. थ्रीडीचा चष्मा मोठ्यांच्या नाकाच्या मापाचा, तो तिच्या नाकावरून घसरे, म्हणून एका हाताने चष्मा आणि दुसऱ्या हाताने माझा अंगठा अशी तिची कसरत चालू होती. आवाज इतका की पहिली दहा मिनिटे तिने कान झाकून घेतले. मग सवय झाली आणि थोड्या वेळाने तिने विचारले, "आबा, अ‍ॅड कधी येणार?" टीव्हीवर वाढलेल्या मुलाला गोष्ट म्हणजे जाहिराती ते जाहिराती एवढाच तुकडा. जाहिरात आली की पाणी प्यायचे, शूला जायचे. इथे जाहिरातच येईना, म्हणून बिचारी अडकून बसली होती. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी खुर्ची कडेची घ्यावी, हा एक व्यावहारिक सल्ला जाता जाता देऊन ठेवतो.

भीमाने पहिला मोठा ठोसा मारला तेव्हा सगळे थिएटर टाळ्या वाजवत होते. माझी नात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "जय भीम!" पुढच्या रांगेतली दोन-तीन डोकी मागे वळली. एक बाई हसल्या, एका गृहस्थाच्या कपाळावर आठी पडली. पोरीला दोन्हीची खबर नव्हती. तिच्या हिशेबाने भीम म्हटले की जय म्हणायचे असते, तिला घरात तेच शिकवले आहे.

आपल्यातले काही मित्र यावर लगेच म्हणतील, पाहा, हा सांस्कृतिक कावा आहे, आपल्या भीमाचे नाव पुसण्यासाठी हा भीम आणला. मला हे पटत नाही. हैदराबादच्या कंपनीने ही मालिका काढली ती लाडू, दप्तरे, डबे आणि पाण्याच्या बाटल्या विकण्यासाठी. तिच्या डोक्यात आपण नव्हतोच, आणि माझ्या मते खरी चिंता करायची ती याची. शत्रुत्वाला उत्तर देता येते. ज्याच्या हिशेबातच आपली मुले नाहीत, त्याला काय उत्तर देणार?

आता ढोलकपूर गाव कसे आहे ते पाहू. तिथे सगळी पोरे एकत्र खेळतात, एका दुकानाचे लाडू खातात, एका तळ्यावर पोहतात. पाणवठा कोणाचा हा प्रश्नच नाही. गावकुसाबाहेर कोणी राहत नाही, कारण गावकूसच दाखवलेले नाही. पोरांना हे गाव आवडते यात नवल काय? मलाही आवडले असते. पण त्याच गावात राजा कायमचा राजा आहे, राजकन्या गोरीपान आहे, आणि खोडकर, खादाड, मार खाणाऱ्या पोराचे नाव कालिया आहे. जात काढून टाकली, रंग तेवढा ठेवला.

हा 'कालिया' पडद्यावर राहत नाही. माझी नात सावळी आहे, तिच्या आजीसारखी. शाळेच्या व्हॅनमध्ये तिला दोन पोरे 'कालिया' म्हणून हाक मारत. तिच्या आईने मला हे सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मालिका बंद करण्याचा. पण थिएटरात काय झाले? कालिया पडद्यावर आला की सगळ्यात मोठ्याने हसायची ती हीच. तिला कालिया आवडतो. तो फजिती करून घेतो, पडतो, पुन्हा उठतो, ढोलू-भोलूंवर उगीच रुबाब करतो. परत येताना मी मुद्दाम विचारले, तर म्हणाली, "भीम नेहमी जिंकतो, कालियाची मजा येते." मुले दाखवलेले जसेच्या तसे गिळत नाहीत, हे मला त्या पोरीने शिकवले. मात्र व्हॅनमधल्या पोरांनी ते नाव शिवी म्हणूनच वापरले, हेही तितकेच खरे. त्यासाठी तिची आई व्हॅनवाल्याशी आणि त्या पोरांच्या आयांशी बोलली. ते काम मालिका बंद करून झाले नसते.

चुटकीचे तर जगजाहीर आहे. २०२० च्या जून महिन्यात भीमाने चुटकीला सोडून इंदुमतीशी लग्न केले अशी आवई उठली आणि देशभरातले मोठे लोक चुटकीला न्याय द्या म्हणून समाजमाध्यमांवर उतरले. शेवटी कंपनीला खुलासा करावा लागला की ही सगळी पात्रे अजून लहान मुले आहेत, कोणाचेही लग्न झालेले नाही. गमतीचा भाग सोडा. लाडू आणून देणारी साधी मुलगी आणि महालातली राजकन्या यांच्यात राजकन्याच निवडली जाणार, हे इतक्या लोकांना लगेच खरे वाटले, यात बरेच काही आले.

मग आपण काय दाखवायचे? बाबासाहेबांवर मालिका आल्या. २०१९ साली स्टार प्रवाहवर 'महामानवाची गौरवगाथा' आली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अँड टीव्हीवर हिंदीत 'एक महानायक' सुरू झाली आणि तिच्यातला छोटा भीमराव आपल्या पोरांनी डोळे भरून पाहिला. पण त्या मोठ्यांसाठीच्या मालिका. आजी रडते म्हणून नात शेजारी बसते. पाच वर्षांच्या पोराला त्याच्या उंचीवरून सांगितलेली गोष्ट हवी असते, ज्यात पोरे आहेत, प्रवास आहे, भीती आहे आणि थोडी धमालही आहे.

अशी गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीला, मुले साताऱ्याला. सुट्टीत वडिलांनी बोलावले म्हणून नवे सदरे, चमकत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशा थाटात पोरे आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते, पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळली तसा स्टेशनमास्तर बदलला, गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो चालत येणार! सोबत खायला होते, पाणी मात्र कोणी दिले नाही. रात्र नाक्यावर काढली. दुसऱ्या दिवशी गोरेगाव.

नऊ वर्षांचा भीम, अंधारी वाट, हाती कासरा, डबा भरलेला आणि घसा कोरडा. यात राक्षस नाही, जादू नाही, तरी मी ही गोष्ट ज्या-ज्या मुलांना सांगितली त्यांनी गाडी पोहोचेपर्यंत हलायचे नाव घेतले नाही. सर्वांचा प्रश्न एकच, मग पाणी कधी मिळाले?

आपल्याकडे पैसा नाही हे खरे, थिएटर तर लांबच. पण कंपनीनेही सुरुवात थिएटरपासून केली नव्हती. आधी रोज घरात आली, पोरांना नावे पाठ झाली, मग चार वर्षांनी तिकीट लावले. मसूर ते गोरेगाव हा प्रवास दहा-बारा मिनिटांच्या एका भागात मावतो. चित्रे काढणारी, संगणकावर ती हलवणारी, आवाज देणारी मुले आज आपल्या वस्त्यांतूनच शिकून बाहेर पडत आहेत आणि दुसऱ्यांच्या ढोलकपुरात रोजंदारीवर रंग भरत आहेत. येत्या जयंतीच्या वर्गणीत डीजेचा खर्च धरताना एखाद्या मंडळाने या मुलांना बैठकीला बोलवावे. बैलांचा रंग कोणता ठेवायचा, इथपासून सुरुवात करता येईल.