पवनीचा स्तूप व आपली वर्गणी

भाद्रपद महिना जवळ आला कीं पावतीपुस्तक घेऊन मुलें दाराशीं येतात. "गेल्या सालीं किती दिले होते?" अशी ओसरीवरून आंत विचारणा होते; माजघरांतून आजी किंवा काकू आंकडा सांगतात; त्यांत थोडीशी भर पडते आणि पावती फाडली जाते. ती पावती कोनाड्यांत जाते आणि येथें आपलें कर्तव्य संपलें असें आपण समजतों. गणेशोत्सवापुरतें तें खरेंही आहे, कारण दहा दिवसांनीं मूर्तीचें विसर्जन होतें आणि हिशेब मिटतो. परंतु तींच मुलें उद्यां चौकांतील पुतळ्याकरितां, वेशीच्या कमानीकरितां किंवा घाटाच्या जीर्णोद्धाराकरितां आलीं, तर? त्या वस्तूंचें विसर्जन नसतें. त्या आपल्या नातवंडांच्या काळींही उभ्या राहावयाच्या असतात. तेव्हां त्या कोणाच्या पैशानें उभ्या राहिल्या आणि पुढें कोणाच्या पैशानें उभ्या राहतील, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. आपण बहुधा पहिलाच तेवढा विचारतों. दुसरा विचारला नाहीं म्हणजे काय होतें, हें दाखविणारें एक गांव आपल्या विदर्भांतच आहे, आणि वाचक-वाचिकांस त्याच गांवाची हकीकत आज सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी हें तालुक्याचें ठिकाण आहे. देवळांची व घाटांची तेथें एवढी दाटी कीं लोक त्यास विदर्भाची काशी म्हणतात. विणकरांची वस्तीही जुनी. तेथील तलम वस्त्रांचा एके काळीं मोठा लौकिक होता. गांवाच्या तीन बाजूंस जुना तट व खंदक आणि चौथ्या बाजूस नदी, अशी मूळची रचना. अशा या गांवीं जगन्नाथाच्या नांवानें ओळखली जाणारी एक टेकडी आहे. गुरें चरावींत, पोरांनीं धांवावें, अशा साऱ्या टेकड्यांसारखीच ती दिसत असली पाहिजे. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातें यांनीं मिळून तेथें उत्खनन केलें. प्रा. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी हे त्या कामाचे प्रमुख होते, आणि त्यांचा वृत्तान्त १९७२ सालीं विद्यापीठानें प्रसिद्ध केला. टेकडीच्या पोटांतून निघाला तो सुमारें ३८ मीटर व्यासाचा एक बौद्ध स्तूप! त्याचा आरंभ मौर्यांच्या काळापर्यंत किंवा त्याच्याही मागें जातो, आणि पुढें शुंग-सातवाहनांच्या काळीं त्यास दगडी कठड्याची जोड मिळाली, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. त्या कठड्याच्या स्तंभांवर शिल्पें आहेत. बुद्धाच्या आसनावर फणा धरून राहिलेला मुचलिंद नाग त्यांत आहे, आणि जवळ त्याचें नांवही कोरलेलें आहे.

हें काम कोणीं केलें, असें कोणीही सहज विचारील. आणि सहजच उत्तर देईल कीं कोणा राजानें केलें असेल. पवनीस राजेरजवाड्यांचे लेख मिळाले आहेत हें खरें. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, तेथें सांपडला. भार घराण्यांतील भगदत्त राजाच्या नांवाची पादुका कोरलेली शिळाही सांपडली. परंतु स्तूपाच्या कठड्यावर जे लेख आहेत ते निराळीच गोष्ट सांगतात. ते अगदीं आंखूड आहेत: देणाऱ्याचें नांव, क्वचित् त्याची ओळख, आणि हें अमक्याचें दान, एवढाच मजकूर. देणारे आहेत भिक्षु व भिक्षुणी, उपासक व उपासिका. विसमिता नांवाच्या एका स्त्रीनें आपल्या दानाखालीं, तें सर्व प्राणिमात्रांच्या सुखास कारण होवो, अशी इच्छा कोरवून ठेविली आहे. तिचें कूळ कोणतें, घर कोठें होतें, हें कोणास ठाऊक नाहीं. तिनें दिलेला दगड व तिची ती इच्छा, एवढें दोन हजार वर्षें टिकलें.

यांतील व्यवहारचातुर्य आपल्या गृहिणींच्या तेव्हांच ध्यानांत येईल. संबंध स्तूप बांधून देणें हें एका घराच्या शक्तीबाहेरचें. परंतु कठडा म्हणजे कांहीं एकच वस्तु नव्हे. उभे स्तंभ, दोन स्तंभांना जोडणाऱ्या आडव्या सूचि, आणि वरून जाणारा उष्णीष, असे त्याचे सुटे भाग असतात. ज्याची ऐपत मोठी त्यानें स्तंभ द्यावा, ज्याची बेताची त्यानें सूचि द्यावी. आणि ज्यानें जें दिलें त्यावर त्याचें नांव घालावें. ही पद्धति एकट्या पवनीची नव्हती. सांचीच्या दक्षिण तोरणावरील एक काम विदिशेच्या हस्तिदंतकारांनीं केलें असें तेथील लेख सांगतो. आपल्या लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यांत धेनुकाकट येथील यवनांनीं, म्हणजे ग्रीक वंशाच्या लोकांनीं, एकेक खांब दिल्याचे लेख आहेत. मोठ्या कामाचे लहान लहान वांटे पाडून ते घरोघर वांटून देण्याची कला आपल्या पूर्वजांस चांगली अवगत होती, हें उघड आहे. आणि ज्या कठड्यांत आपल्या आईच्या नांवाचा दगड आहे, त्यास खिळा मारण्याची बुद्धि कोणत्या मुलास होईल?

इतकें असूनही तो स्तूप मातींत गेला. दाते गेले, भिक्षुसंघ ओसरला, राज्यें पालटलीं. पाऊस व झाडोरा यांनीं आपलें काम केलें, आणि शेवटीं लोकांस ती नुसती टेकडी वाटूं लागली. दगड कोणीं दिला हें दगडावर लिहिलेलें आहे, पण दगड ढळला तर तो पुन्हां कोणीं बसवावा व त्याचा खर्च कोठून यावा, हें त्या लेखांत नाहीं. आम्हीं आरंभीं म्हटलेला दुसरा प्रश्न तो हाच.

त्या प्रश्नाचें उत्तर प्राचीनांस माहीत नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें भिक्षूंकरितां लेणें तर दिलेंच, पण लेणें देऊन तो थांबला नाहीं. त्यानें ३,००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुदलास हात न लावतां केवळ व्याज खर्चावें अशा ठेवीच्या रूपानें, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. पैकीं २,००० कार्षापणांस दरमहा शेंकडा एक, आणि १,००० कार्षापणांस शेंकडा पाऊण, असा व्याजाचा दर ठरला. घरांतील मुलांस हा हिशेब अवश्य घालावा. दोन हजारांचें व्याज दरमहा वीस, सालाचें २४० कार्षापण. आणि लेखांत वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावे असें आहे. वीस बारे दोनशें चाळीस! एक कवडी इकडची तिकडे नाहीं. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें, असा स्पष्ट निर्बंध आहे; आणि हें सारें निगमसभेंत वाचून दाखवून फलकावर नोंदविलें गेलें, असेंही लेखांतच म्हटलें आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ठेव, व्याजाचा दर, खर्चाची बाब, चारचौघांसमोर वाचन व दप्तरीं नोंद, या पांचही गोष्टी आल्या. दान करतांना पुढच्या पिढ्यांची तरतूद कशी करावी, याचा इतका चोख धडा दुसरा आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां आजच्या काळाकडे वळूं. भंडाऱ्याच्या लोकांची कलेसाठीं पैसा काढण्याची वृत्ति आटली आहे काय? मुळींच नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्या टापूस झाडीपट्टी म्हणतात. तेथें धान घरीं आलें, भाऊबीज झाली, कीं गांवोगांवच्या मंडयांना आरंभ होतो. बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात. आणि रात्रीं नाटक होतें. गांवचें मंडळ वडसा येथील नाटक कंपनीस आगाऊ ठरवितें, मंडप घालतें, तिकिटें विकतें, कंपनीची ठरलेली रक्कम भागवितें, आणि कांहीं उरलें तर तें गांवाच्या कामीं लावतें. रात्रीं दहाच्या सुमारास सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत चालतें. त्या दिवशीं घरोघर पाहुणे उतरलेले असतात, आणि सोयरिकींचीं बोलणींही होतात. या रंगभूमीवरील नट श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां साऱ्या झाडीस आनंद झाला. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें शंकरपट बंद पडले आणि ते २०२१ च्या अखेरीस पुन्हां परवानगी मिळेपर्यंत बंदच होते. मधल्या काळांत साथीनें नाटकेंही थांबलीं. तरी लोकांनीं ही रंगभूमि जाऊं दिली नाहीं. खुद्द पवनी तालुक्यांत रुयाड येथें पञ्ञा मेत्ता संघानें जपानी उपासकांच्या साहाय्यानें नवा भव्य स्तूपही उभारला आहे. म्हणजे जुन्या दात्यांची परंपरा अजून चालूच आहे म्हणावयाची.

परंतु नाटक पहांटे संपतें. दगड व धातु यांचें तसें नाहीं. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला श्रीशिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, तेव्हां महाराष्ट्रांतील एकही घर असें नसेल कीं जेथें त्या दिवशीं जेवतांना हळहळ व्यक्त झाली नाहीं. पैसा होता, भक्ति होती, समारंभही थाटाचा झाला होता. कमी पडली ती मागची काळजी. त्या जागीं नवा पुतळा उभारतांना पुढील दहा वर्षांच्या देखभालीचें काम ठेकेदारावरच सोपविण्यांत आलें. ही अट आधींच सुचावयास हवी होती, असें कोण म्हणणार नाहीं?

नगरपरिषदेस चौकांत पुतळा बसवावयाचा झाल्यास मनाला येईल तसें करतां येत नाहीं, हेंही वाचकांस ठाऊक असावें. राज्यशासनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें स्थानिक संस्थेचा ठराव, मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि पुढील देखभालीची हमी, इतकें सारें लागतें. नियम चांगला आहे. पण हमी कागदावर लिहून देणें वेगळें आणि दरसाल तिच्यासाठीं रक्कम बाजूस काढणें वेगळें. पुतळ्याच्या अनावरणास सारा गांव लोटतो. पुढें पुण्यतिथीस हार पडतो. मधल्या तीनशें चौसष्ट दिवसांत चौथऱ्याची फरशी निखळली तर ती कोणीं बसवावी, हें कोणासच माहीत नसतें.

यास्तव आमची सूचना अगदीं घरगुती आहे. पावतीपुस्तक दाराशीं आलें म्हणजे वर्गणी आनंदानें द्यावी, पण त्याबरोबर तीन गोष्टी मुलांस गोडीनें विचाराव्या. पहिली: जमलेल्या रकमेंतून किती भाग ठेव म्हणून वेगळा राहणार? दुसरी: ती ठेव कोणाच्या नांवानें व कोठें राहील, आणि तिचा हिशेब दरसाल कोठें वाचून दाखविला जाईल? तिसरी: देणारांचीं नांवें, लहानसहान दात्यांसह, कोठें लिहिलीं जातील? रुपयांतील चार आणे जरी अक्षयनीवीकडे गेले तरी काम थोडें लहान होईल, परंतु टिकेल. कमान दोन हात ठेंगणी झाली म्हणून गांवाचें कांहीं बिघडत नाहीं. तिचे चिरे गळूं लागले तर मात्र बिघडतें. आणि हे प्रश्न विचारण्याचें काम घरांतील स्त्रियांनीं आपल्याकडे घ्यावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. दूधवाल्याचा व वाण्याचा हिशेब ज्या चोख ठेवितात, त्यांस मंडळाचा हिशेब अवघड जाणार नाहीं.

येत्या सुटींत नागपुराकडे जाणें झालें तर मुलांना घेऊन तेथील मध्यवर्ती संग्रहालयांत पवनीचीं शिल्पें पाहावीं, आणि सवड असल्यास वैनगंगेच्या कांठीं खुद्द पवनीसही जाऊन यावें. टेकडीवर उभें राहिल्यावर मुलांना विसमितेची गोष्ट सांगावी, आणि तिच्या शेजारी उषवदाताच्या वीस बारे दोनशें चाळीसांचीही सांगावी. घरीं परतल्यावर कोनाड्यांतील जुन्या पावत्या एकदां काढून पाहाव्या, आणि ज्या वस्तूंसाठीं त्या फाडल्या गेल्या त्या आज कोणत्या स्थितींत आहेत, हें फिरावयास निघालांत म्हणजे पाहून यावें.