पुण्यात छापली गेलेली आद्य इच्छा

रवळनाथ हे आजऱ्याचं ग्रामदैवत. आंबोलीचा घाट उतरून तळकोकणात किंवा पुढे गोव्यात गेलं, की याच देवाच्या देवळांतून कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवाची इच्छा इथे कशाबद्दल तरी असते आणि दोहोंतलं एक निवडते. ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ म्हणणारा सुशिक्षित माणूसही याहून फार वेगळं म्हणत नसतो. कबाला या यहुदी गूढविद्येतली आद्य इच्छा मात्र या जातीची नाही. निवडायला समोर काहीच नसतानाची ती इच्छा आहे. तिला आपल्या रोजच्या मागण्यांचं माप लावलं की गोंधळ सुरू होतो.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. अब्राहम डेव्हिड इझिकेल या पुण्यातल्या बगदादी यहुदी गृहस्थांनी 1887 साली ‘इद्रा झुता’चं अरबी भाषांतर हिब्रू लिपीत पुण्यातच छापलं. ‘इद्रा झुता’ हा ‘झोहर’चा भाग, आणि ‘झोहर’ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये आकाराला आलेला. त्यात परमतत्त्वाच्या मुखाचं वर्णन येतं आणि कपाळाला थेट ‘इच्छा’ असं नाव दिलेलं आहे. ते कपाळ उघडं झालं की कठोर न्याय शांत होतात आणि प्रार्थना स्वीकारल्या जातात. त्याची वेळ शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या दुपारच्या प्रार्थनेची. ही इच्छा कुठलाही हुकूम सोडत नाही. तिचं केवळ प्रकट होणं पुरेसं ठरतं. आपल्याकडे देव ‘प्रसन्न होतो’ तेव्हा जे अभिप्रेत असतं, त्याच्याशी तिचं नातं अधिक जवळचं. बगदादचे रब्बी योसेफ हायिम यांनी या भाषांतराला विरोध केला. असा मजकूर सामान्यांच्या हाती पडला तर कपाळ, दाढी, डोळे हे सगळं शब्दशः घेतलं जाईल, ही जुनी भीती निराधार नव्हती. पण भाषांतर दडपल्याने तो धोका टळत नाही, कारण मूळ वाचणाराही तीच चूक करू शकतो.

आद्य इच्छेच्या या कल्पनेवर पहिला आक्षेप तर्काचा आहे. इच्छा होते ती उणीव असणाऱ्याला. मग अनंत, पूर्ण अशा ‘एन सोफ’ला कशाची इच्छा व्हावी? तेराव्या शतकात गिरोना गावच्या अझ्रिएल यांनी हा प्रश्न उलटा फिरवला. अनंताला अमर्याद सामर्थ्य आहे पण मर्यादेत प्रकटण्याचं सामर्थ्य नाही, असं म्हणणं म्हणजेच त्याच्या पूर्णत्वात उणीव काढणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मर्यादित जग हे गरजेतून नव्हे, पूर्णत्वातूनच निघतं. हा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. त्याने एक गाठ मात्र सुटत नाही: ही इच्छा अनंताशी एकरूप, की अनंतातून निघालेली पहिली पायरी, म्हणजे ‘केतेर’? कबालाकार या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घालत राहिले. सोळाव्या शतकात साफेद इथे इसहाक लुरिया यांच्या परंपरेने सृष्टीची सुरुवातच अनंताच्या ‘साध्या इच्छे’त जग निर्माण करण्याचा विचार आला इथून केली आणि लगेच अनंताच्या आकुंचनाकडे मोर्चा वळवला. वाद मिटला नाही, फक्त मागे पडला.

दुसरा आक्षेप घरचा आहे: हे तर ‘एकोऽहं बहुस्याम्’च झालं, त्यात नवीन काय? थिऑसॉफिकल सोसायटीचं ठाणं 1879 ते 1882 मुंबईत होतं आणि इझिकेल त्याच चळवळीतले. त्या वर्तुळात कबाला आणि वेदान्त एकाच प्राचीन विद्येच्या दोन शाखा मानण्याची हौस होती. साम्य आहेच, त्यातही ‘अमृतानुभवा’तल्या चिद्विलासाशी जास्त, कारण तिथेही जगाच्या मुळाशी उणीव नाही. पण ज्ञानदेवांच्या त्या विलासाला माणसाच्या आचरणाची वाट बघावी लागत नाही. कबालात आज्ञापालनाने आणि योग्य वेळच्या प्रार्थनेने ती वरची इच्छा खालून जागवता येते. अष्टमी किंवा रोह्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, तेल्यांना ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापर्यंत हे तत्त्वज्ञान पोचलं होतं असं नाही. पण कबालाच्या हिशेबाने त्यांचा बंद घाणादेखील विश्वाच्या मुळाशी असलेल्या त्या इच्छेवर परिणाम करत होता, आणि असा दावा अद्वैती माणूस करणार नाही.