पाणलोट क्षेत्राचे संरक्षण व भूमी-न्यास : ब्रँडीवाईन खोऱ्याचा अनुभव

प्रस्तावना :

पाणलोट क्षेत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समतल चर, नालाबांध आणि राळेगणसिद्धी, हिवरेबाजार येथील कामे उभी राहतात. जमिनीवर काय करावे, हा तेथील प्रश्न होय. जमिनीवर काय होऊ नये आणि ते कायमचे होऊ नये याची तजवीज कशी करावी, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ब्रँडीवाईन खोऱ्यातील एका प्रादेशिक भूमी-न्यासाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

ब्रँडीवाईन खोरे :

ब्रँडीवाईन ही लहानशी नदी. पेनसिल्व्हेनियातील चेस्टर परगण्यातून वाहत येऊन ती डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन येथे ख्रिस्तीना नदीस मिळते. विल्मिंग्टन शहर पिण्याचे पाणी याच नदीतून घेते. म्हणजे पाणी पिणारे एका राज्यात आणि पाणलोटातील बहुतेक जमिनीचे मालक दुसऱ्या राज्यात, अशी ही स्थिती आहे. शहराला वरच्या जमिनीवर हुकूम चालविता येत नाही.

नदीच्या वरच्या पूर्व शाखेसाठी 1960 च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अभ्यासकांनी एक आराखडा तयार केला. ॲन लुईस स्ट्राँग या त्याच्या प्रमुख, तर ल्यूना लिओपोल्ड यांच्यासारखे नामवंत जलशास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. शास्त्रीयदृष्ट्या आराखडा भक्कम होता; तथापि जमिनीवरील विकासाचे हक्क गरज पडल्यास सक्तीने घेण्याची तरतूद त्यात प्रथम होती. ती पुढे मागे घेतली गेली, पण शेतकऱ्यांचा विश्वास परत आला नाही आणि 1968 मध्ये आराखडा बारगळला. शास्त्र अचूक असूनही माणसे हातची जाऊ शकतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात दुसरे नाही.

याच सुमारास, नदीच्या खालच्या भागात चॅड्स फोर्ड येथील पूरमैदानावर कारखानदारी येण्याची चिन्हे दिसताच काही स्थानिकांनी ती जमीन विकत घेतली व 1967 मध्ये ब्रँडीवाईन कॉन्झर्व्हन्सी हा न्यास स्थापन केला. 1969 मध्ये नदीकाठच्या साडेपाच मैलांहून अधिक लांबीच्या पट्ट्यावर पहिले संरक्षण-सुविधाधिकार मिळाले, तेही मालकांच्या स्वेच्छेने. 1984 मध्ये किंग रँचच्या पाच हजारांहून अधिक एकरांची विक्री निघाली, तेव्हा न्यासाने पुढाकार घेऊन खरेदीदार जमविले व ती जमीन बंधनांसह मोठ्या तुकड्यांत त्यांच्याकडे सोपविली.

सुविधाधिकाराचे स्वरूप :

मालकी म्हणजे अनेक हक्कांची मोळी. त्यातील बांधकाम करण्याचा व तुकडे पाडण्याचा हक्क मालक सोडून देतो आणि ते बंधन पाळले जाते की नाही हे पाहण्याचा अधिकार न्यासाकडे जातो. जमीन मालकाचीच राहते; तो ती कसतो, विकतो, वारसांना देतो; बंधन मात्र जमिनीबरोबर पुढे जाते. दान केलेल्या हक्काची किंमत, म्हणजे बंधनापूर्वीच्या व नंतरच्या मूल्यांतील फरक, केंद्रीय आयकरात वजावटीस पात्र ठरते. त्यासाठी बंधन चिरकालीन असणे आवश्यक असते.

येथेच या पद्धतीचे दुखणे आहे. काही गुंतवणूकदारांनी मूल्यांकने भरमसाट फुगवून करसवलत लाटली. अखेर 2022 मध्ये कायद्याने त्यावर मर्यादा घालावी लागली. शिवाय सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या अवशेषांनी चॅड्स फोर्ड येथे नदीने पुराचा उच्चांक गाठला व न्यासाच्या स्वतःच्या इमारतींतही पाणी शिरले. मोकळी जमीन पूर ओसरण्यास जागा देते. अतिवृष्टी थांबविणे तिच्या हाती नाही.

भारतीय कायद्याच्या संदर्भात :

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 4 नुसार सुविधाधिकार हा एका जमिनीच्या लाभदायक उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. लाभार्थी जमीन नसलेल्या संस्थेला तो धारण करता येत नाही. अमेरिकेतही जुन्या न्यायतत्त्वांनुसार हीच अडचण होती. 1981 च्या नमुना कायद्याने ती दूर करण्याचा मार्ग दाखविला व पेनसिल्व्हेनियाने 2001 मध्ये स्वतःचा कायदा केला. आपल्या सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या सदरात कर्जाचा बोजा व कुळाची नोंद आढळते. नदीकाठचा एखादा शेतकरी उद्या तलाठ्याकडे जाऊन ‘या गटात कधीही बांधकाम होणार नाही’ अशी नोंद मागू लागला, तर ती कोणाच्या नावे घ्यावयाची, याचे उत्तर 1882 च्या अधिनियमात मिळत नाही.