एक, एक-दोन, एक-दोन-तीन

कांदिवली पूर्वेला, ठाकूर व्हिलेजमधल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या परिसरात जावा शिकणारी मुलं पुष्कळ. त्यांना हमखास मिळणारा एक सराव असा: एन ही संख्या दिली की १, मग १ २, मग १ २ ३ असे गट करत ॲरे भरायचा. एन ४ असेल तर १ २ ३ ४ वर थांबायचं.

नवशिका साधारण असं लिहितो: शंभर घरांचा ॲरे, एकच लूप आणि आत एक इफ. आकडा मर्यादेला पोचला की त्याला परत १ करायचं आणि मर्यादा वाढवायची. आकडे बरोबर येतात, म्हणून हा प्रयत्न टाकाऊ नाही. पण एन ४ असताना १० घरं भरतात आणि उरलेल्या ९० घरांत जावाने ठेवलेली शून्यं तशीच राहतात. एन १४ केला, तर १०५ घरं लागतात. १०१व्या आकड्याला प्रोग्राम कोसळतो.

म्हणून आधी लांबी काढायची. १ पासून एनपर्यंतची बेरीज म्हणजेच लांबी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) तिला संकलित म्हटलंय: पदाच्या निम्म्याला पद अधिक एकने गुणायचं. कागदावर हा क्रम अचूक आहे, पण जावात नाही. इंटमध्ये ३ भागिले २ म्हणजे १, दीड नव्हे; पुढे ४ ने गुणल्यावर ६ ऐवजी ४ येतात. त्यामुळे गुणाकार आधी, भागाकार नंतर. लागोपाठच्या दोन संख्यांतली एक सम असतेच, म्हणून बाकी कधी उरत नाही.

आता भरणं. बाहेरचा लूप 'गट' १ ते एन, आतला 'आकडा' १ ते गट. (जावाला अशी देवनागरी नावं चालतात, आणि सराव करताना ती जरूर वापरावीत.) 'जागा' शून्यापासून सुरू होते. आतल्या लूपमध्ये दोनच कामं: त्या जागेवर आकडा ठेवायचा, जागा एकने वाढवायची. इफ गेलाच, कारण आतला लूप दर गटाला आपणहून १ पासून निघतो. वाचणाऱ्याला सरावाची आकृतीच कोडमध्ये दिसते, आणि मला हा फायदा वेगापेक्षा मोठा वाटतो.

तपासताना ४ वर थांबू नये. एन ० दिला तर लांबी शून्य येते, एकही लूप चालत नाही आणि रिकामा ॲरे मिळतो. त्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही.