विश्लेषण : घरातली बंदूक आणि मुले, ‘हात लावू नको’ एवढे सांगून भागते का?

बिहारमधील सुपौल जिल्ह्यात ३१ जुलै २०२४ रोजी नर्सरीत शिकणारा पाच वर्षांचा मुलगा दप्तरात बंदूक घेऊन शाळेत आला. त्याने झाडलेली गोळी तिसरीतल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला लागली. सुदैवाने तो मुलगा वाचला. अशा बातमीनंतर चर्चा होते ती शाळेत दप्तरे तपासण्याची. पण दप्तरात येण्याआधी ती बंदूक घरात कुठे होती आणि तिच्यात गोळी कशी होती? खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

मुलांना समजावून सांगितले तर पुरेसे नाही का?

अमेरिकेत अटलांटा येथील डॉक्टरांनी नेमके हेच तपासून पाहिले. त्यांचा अभ्यास २००१ मध्ये ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत खेळायला सोडले होते. खोलीतल्या एका ड्रॉवरमध्ये पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या आणि दुसऱ्यात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल. गोळी सुटेल इतक्या जोराने चाप ओढला गेला, तर त्यातील ट्रान्समीटरमुळे दिवा लागत असे. पालकांची परवानगी होती आणि संशोधक एकतर्फी काचेमागून पाहत होते.

एकूण २९ गटांपैकी २१ गटांना पिस्तूल सापडले. त्यातील १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांना पिस्तूल सापडले, त्यातील जवळपास निम्म्या मुलांना ते खेळणे वाटले किंवा खरे की खोटे हे ठरवता आले नाही. सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. पिस्तूल हाताळणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना बंदुकीच्या सुरक्षिततेविषयी आधी कोणी ना कोणी सांगितलेले होते. ‘आमच्या मुलाला बंदुकीत रसच नाही’ असे ज्यांचे पालक म्हणत होते, ती मुलेही मागे राहिली नाहीत.

म्हणजे मुलांना सांगायचेच नाही का? सांगायचे. बंदूक दिसली की हात लावायचा नाही, तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला बोलवायचे, हे तीन-चार वर्षांच्या मुलालाही शिकवता येते. फक्त त्या शिकवणीच्या भरवशावर कपाट उघडे ठेवता येत नाही.

लहान बोटांना चाप ओढता येतो?

१९९५ मधील एका अमेरिकी अभ्यासात मुलांच्या बोटांचा जोर मोजला होता. दोन्ही हातांच्या तर्जन्या वापरून सुमारे साडेचार किलो, म्हणजे बहुतेक पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर चालतील इतका जोर, तीन-चार वर्षांच्या २५ टक्के मुलांना लावता आला. पाच-सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्या मुलांत ९० टक्के होते. तेव्हा ‘एवढ्याशा हाताने काय होणार’ हा समज सोडून द्यावा.

दुसरा समज मोठ्यांना महागात पडतो. पिस्तुलातून मॅगझीन काढले की ते रिकामे झाले असे वाटते. पण नळीच्या मागच्या भागात, म्हणजे चेंबरमध्ये, आधीच चढलेली एक गोळी तशीच राहू शकते. मॅगझीन काढल्यावर स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावा लागतो. सराईत हातांकडूनही चूक होते. अभिनेता गोविंदा यांना १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईतील घरी स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली होती.

आपल्याकडे कोणाच्या घरात बंदूक असते?

पोलीस, निवृत्त जवान, सुरक्षारक्षक, व्यावसायिक. आणि कोकणात शेतकरी. रानडुकरे व माकडांपासून शेती राखण्यासाठी रत्नागिरी, सिंधुदुर्गात बंदुकीचे परवाने आहेत. त्यातील ठासणीच्या बंदुकीची अडचण वेगळी आहे. काडतुसाच्या बंदुकीतून काडतूस काढून घेता येते. नळीतून ठासलेला बार तसा सहज बाहेर येत नाही. त्यामुळे रात्री राखणीला न्यायची म्हणून संध्याकाळीच ठासून दाराआड उभी केलेली बंदूक सकाळपर्यंत भरलेलीच असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. घरी परतल्यावर तिला तितकीच सुरक्षित जागा मिळते का, हे मात्र कोणी पाहायला येत नाही.

शहरातल्या घरांत जास्त शक्यता एअरगनची. ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची एअरगन घ्यायला भारतात परवाना लागत नाही, म्हणून ती खेळण्यात मोजली जाते. २० जूल म्हणजे दोन किलोचे वजन एक मीटरवरून पडले तर जेवढी ऊर्जा होते तेवढी. ती साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्यात एकवटते, तेव्हा डोळा कायमचा जाऊ शकतो. एअरगनही कुलपातच हवी.

मग ठेवायची कशी?

बंदूक रिकामी, कुलूपबंद. गोळ्या वेगळ्या जागी, त्याही कुलपात. २००५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात या चारही सवयींचा मुलांच्या अपघाती गोळीबाराशी आणि आत्महत्यांशी असलेला संबंध तपासला होता. चारही सवयींनी धोका कमी दिसला. बंदूक कुलपात असलेल्या घरांत तर तो जवळपास पाव पट होता.

कपाटावरचा डबा, गादीखाली, साड्यांच्या घडीत ही लपवण्याची जागा झाली, कुलूप नव्हे. दिवाळीआधी आणलेला फराळाचा डबा ज्या घरात मुलांना सापडतो, तिथे बंदूकही सापडते. किल्ली देवघरात टांगलेली असेल तर कुलपालाही अर्थ नाही.

वयात आलेल्या मुलांचा धोका आणखी गंभीर. नैराश्याच्या टोकाच्या क्षणी बंदूक हाताशी नसणे, एवढ्यानेही जीव वाचतो. घरात असे कोणी त्रासात असेल तर तिजोरीचा कोड बदलावा. शक्य असेल तर बंदूक काही काळ परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला द्यावी. बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे आणि साठवणुकीचे प्रशिक्षण आहे. परवान्याची अट मोडल्यास शस्त्र कायद्याच्या कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. लग्न-वरातीत हवेत गोळीबार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

अमेरिकेत आता पालकांवर थेट खटले चालतात. मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे २०२१ मध्ये चार विद्यार्थ्यांना ठार करणाऱ्या मुलाच्या आई आणि वडील दोघांनाही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी किमान १० वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी तिथे मुलांच्या आवाक्यातील बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक झाले.

तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी काय विचारावे?

२०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक आहे. २०२१ च्या सर्वेक्षणावर आधारित अंदाजानुसार सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहतात, जिथे एक तरी बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर आहे. म्हणून तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात, मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्याआधी विचारा : तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का?

माझी मावसबहीण टेक्सासमध्ये राहते. तिला हे विचारायला पहिल्यांदा फार अवघड गेले. “अगं, लोकांना वाटेल संशय घेतेय,” ती म्हणाली. मग तिने युक्ती केली. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे तिला प्रत्येक घरी सांगावेच लागते. त्याच मेसेजमध्ये ती आता बंदुकीचेही विचारते. मागच्या महिन्यात एका आईने उत्तरात कुलूपबंद तिजोरीचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिले की आजवर कोणी विचारले नव्हते.