मज्जारज्जूची इजा आणि रक्ताची गुठळी टिकवणारी औषधे

पाठीच्या कण्यावर जबर आघात झाला की मज्जारज्जूची सारी हानी त्याच क्षणी होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. या रज्जूच्या (उर्दूत याला ‘हराम मग्ज’ म्हणतात) आतील करड्या भागात केशवाहिन्या फुटतात आणि पुढचे काही तास रक्तस्राव वर-खाली पसरत राहतो. सूज येते, शाबूत राहिलेल्या पेशीही मरू लागतात. ही दुसरी हानी थोपवता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

जखमेवरची गुठळी फायब्रिन या तंतूंनी बांधलेली असते. प्लाझ्मिन नावाचे विकर हे तंतू विरघळवते आणि मोठ्या अपघातानंतर ही क्रिया कित्येकदा प्रमाणाबाहेर वाढते. अँटिफायब्रिनोलिटिक औषधे तिला आळा घालतात. ती नवी गुठळी बनवत नाहीत, बनलेली टिकवतात. वर्गात हा फरक आवर्जून सांगावा. त्यांपैकी ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा शोध जपानमधील उताको व शोसुके ओकामोतो या दाम्पत्याने १९६२ मध्ये प्रसिद्ध केला.

या औषधाची मोठी परीक्षा ‘क्रॅश-२’ चाचणीत झाली. भारतासह ४० देशांतील २०,२११ अपघातग्रस्त तीत होते. २०१० च्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. मात्र तीन तासांनंतर औषध दिलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले आढळले.

पण ही चाचणी जीव वाचण्याची होती, पाय पुन्हा हलण्याची नव्हे. मज्जारज्जूच्या इजेत या औषधाने हालचाल वा संवेदना परत येते, असे कोणत्याही मोठ्या चाचणीने अद्याप सिद्ध केलेले नाही. कण्याच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी वाहते हे ठरले आहे, पण ती निराळी गोष्ट. येथे घाईने आशा बांधू नये, असे मला वाटते. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडबद्दल १९९० मध्ये अशीच आशा निर्माण झाली होती. तेव्हा लाभ दिसला तो आठ तासांच्या आत औषध मिळालेल्या गटापुरता, आणि तोही पुढे वादग्रस्त ठरला.

शिवाय ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचे इंजेक्शन शिरेतून द्यावयाचे असते. भूल देताना कुपीची अदलाबदल होऊन ते चुकून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेल्यास तीव्र झटके येतात, मृत्यूही ओढवतो.